पहिला कॅमेरा घेताना: सगळे पैसे बॉडीत घालू नका

ज्यांना हा भाग बसमध्ये बसून, हेडफोन घरी विसरलेल्या अवस्थेत वाचायचाय, त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे काय ना' गाळलंय. बाकी भाग तोच.

तर गोष्ट सुरू होते आमच्या बुटीबोरीत. माझी मावसबहीण बारावीनंतर फोटोग्राफीच्या डिप्लोमाला लागली. रोज बसने खापरी, तिथून मेट्रोने सीताबर्डी, मग कॉलेज. पहिल्या आठवड्यातच सरांनी सांगितलं, मोबाइलवर एक महिना चालवून घेऊ, पण नंतर स्वतःचा कॅमेरा हवा. झालं! पोरीने यूट्यूब उघडलं, आणि तीन दिवसांत तिच्या यादीत एक फुल फ्रेम कॅमेरा होता. फक्त बॉडी लाखाच्या वर. लेन्स वेगळी. 'ईएमआयवर मिळते दादा,' हे वर.

मावशीने मला रविवारी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर मुद्द्याला हात घातला. "तू इंजिनिअर आहे बाप्पा, तूच सांग. एवढ्याचा कॅमेरा लागतेच का?"

मावशीकडे पन्नास हजार होते. त्यातले चाळीस बचत गटातून उचललेले. काका एमआयडीसीत कंपनीत आहेत, पगार बरा, पण दर महिन्याला गटाचा हप्ता जाणार हे ठरलेलं. म्हणजे चुकीचा कॅमेरा घेतला तर 'चालतंय, पुढच्या वेळी बघू' म्हणायची सोय नव्हती.

आणि मी गप्प बसू शकत नव्हतो, कारण ही चूक मी स्वतः करून बसलोय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी हट्टाने डीएसएलआर घेतला. सगळे पैसे बॉडी आणि किट लेन्समध्ये. ट्रायपॉड नाही, फ्लॅश नाही, ठेवायची नीट सोय नाही. चार लग्नं, एक गॅदरिंग, मग सबमिशन आलं आणि कॅमेरा बॅगेत घालून कपाटात गेला. पावसाळ्यानंतर काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून हा भाग. पन्नास हजारांत फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याने काय घ्यावं, आणि का.

आधी विचारा: कोर्सला नेमकं काय लागतं?

मी बहिणीला म्हटलं, यूट्यूब बंद कर आणि पहिल्या वर्षाच्या असाइनमेंट्स दाखव. यादी अशी निघाली: खिडकीच्या उजेडात पोर्ट्रेट, रस्त्यावरचं आयुष्य, एका वस्तूचा स्टुडिओ फोटो, रात्रीचं शहर, आणि वर्षाच्या शेवटी एक फोटो-कथा. वाघ नाही, क्रिकेट नाही, लग्नाचा सिनेमॅटिक व्हिडिओ नाही.

आता यातून गरजा काढूया. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला रिक्वायरमेंट म्हणतो, घरी याला यादी म्हणतात.

एक, पूर्ण मॅन्युअल मोड. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ तिन्ही हातात हवेत. दोन, रॉ फाइल. तीन, लेन्स बदलता यायला हवी. चार, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर. नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात मागची स्क्रीन दिसतच नाही, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पाच, वर साधा हॉट शू, म्हणजे कुठलाही फ्लॅश बसेल.

या पाच ओळींनी अर्धी दुकानं गाळली जातात. सोनीचा झेडव्ही-ई१० व्लॉगसाठी छान आहे, पण त्याला व्ह्यूफाइंडरच नाही. कॅननच्या २०० डी मार्क २ वर हॉट शू आहे, पण मधली पिन काढून टाकलीय. त्यामुळे साधे, स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर उडत नाहीत. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, आणि मुलाला कळतं ते स्टुडिओच्या तासाला.

फुल फ्रेमचं गणित

आता बहिणीचा मुख्य मुद्दा. "दादा, फुल फ्रेमले लो लाइट भारी येते." बरोबर आहे. पण किती भारी? मोजूया.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. निकॉन, सोनी, फुजीचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. म्हणजे ३६७ च्या आसपास. भागाकार केला तर फुल फ्रेम सुमारे २.४ पट मोठा. तेवढाच जास्त उजेड गोळा होतो, म्हणजे सव्वा स्टॉपचा फायदा.

आता लेन्सचा हिशोब. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ३५ मिलिमीटरवर ठेवली की तिचं तोंड जास्तीत जास्त एफ ४.५ पर्यंत उघडतं. ३५ मिलिमीटरची साधी प्राइम लेन्स उघडते एफ १.८ पर्यंत. उजेड या आकड्याच्या वर्गावर ठरतो. ४.५ भागिले १.८ म्हणजे २.५, त्याचा वर्ग ६.२५. सव्वासहा पट उजेड!

समजा रात्री चहाच्या टपरीवर किट लेन्सने आयएसओ ६४०० लागतो. त्याच जागी, त्याच शटरला, प्राइम लेन्सने १००० मध्ये काम होतं. फोटोतली वाळू दिसणं बंद.

म्हणजे बॉडी बदलून २.४ पट, लेन्स बदलून ६.२५ पट. आणि ही लेन्स जुनी घेतली तर दहा हजारांच्या आत. हे मी कागदावर लिहून दाखवलं. बहीण कागदाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मग लोकं फुल फ्रेम घेतात कायले?"

रास्त प्रश्न. ज्यांच्याकडे चांगल्या लेन्स आधीच आहेत, ज्यांना दोन्ही फायदे एकावर एक हवेत, आणि ज्यांचं पोट त्यावर चालतं, ते घेतात. त्यांचं चुकत नाही. पण पन्नास हजारांत दोन्ही बसत नाही, आणि एकच निवडायचं तर आधी लेन्स.

मेगापिक्सेलचंही तसंच. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपक्यांच्या दर्जाने छापलं तर २० बाय १३ इंचांची प्रिंट. कॉलेजच्या प्रदर्शनाला याहून मोठी क्वचितच लागते.

मिररलेस की डीएसएलआर?

हा प्रश्न तुम्ही मेसेजमध्ये सगळ्यात जास्त विचारता. सरळ सांगतो: नवीन घेणार असाल आणि बजेट असेल तर मिररलेस. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये आपापले नवे माउंट आणले, आरएफ आणि झेड, आणि तेव्हापासून त्यांचं लक्ष तिकडेच आहे. डोळ्यावर फोकस धरणं, व्ह्यूफाइंडरमध्येच एक्सपोजर दिसणं, हे शिकणाऱ्याला फार मदतीचं आहे.

पण नेमकं त्यामुळेच जुन्या डीएसएलआरचे भाव उतरलेत. लोक मिररलेसकडे चाललेत आणि चांगली यंत्रं विकून राहिलेत. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. इतक्या वर्षांच्या लेन्स बाजारात फिरतायत. आणि उद्या मिररलेसवर जायचं ठरलं तर अ‍ॅडॅप्टर लावून त्या लेन्स नव्या बॉडीवर चालतात. पैसे वाया जात नाहीत.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घ्याल, आणि ती बसेल, पण ऑटोफोकस करणार नाही. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं असेल तर काळजी नाही, मोटर लेन्समध्येच असते.

आम्ही ठरवलं निकॉन डी ७२००, सेकंड हँड. २०१५ चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, बॉडीत मोटर, दोन कार्डांच्या जागा, साधा हॉट शू. उणिवा? स्क्रीन फिरत नाही, व्हिडिओत ऑटोफोकस मठ्ठ आहे, आणि वजन पाऊण किलो. बहिणीच्या कोर्सला व्हिडिओ नाही, म्हणून चालून गेलं. तुमच्या कोर्सला व्हिडिओ असेल तर हीच निवड डोळे मिटून करू नका.

सेकंड हँड बघायला जाताना

सीताबर्डीला आम्ही दोन चकरा मारल्या, तिसरा कॅमेरा एका विकणाऱ्याच्या घरी बघितला. पहिले दोन नापास झाले. कसे, ते सांगतो, कारण हीच तपासणी तुम्हीही करायचीय.

शटर काउंट: शटर किती वेळा उडालंय, म्हणजे गाडीचं किलोमीटर. निकॉनमध्ये हा आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. तिथेच एक फोटो काढा आणि एक्झिफटूल किंवा तशा एखाद्या अ‍ॅपमध्ये उघडा. कॅनन हा आकडा फोटोत लिहीत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी ७२०० चं शटर कंपनीने दीड लाख वेळा उडवून तपासलेलं आहे. आम्ही बघितलेला पहिला कॅमेरा 'फक्त घरगुती वापर' म्हणून सांगितला होता आणि आकडा निघाला १ लाख १२ हजार. घरात एवढे कार्यक्रम कुणाकडे असतात हो?

सेन्सरवरची धूळ: अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवा, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, आणि झूम करून बघा. काळे पुसट ठिपके म्हणजे धूळ. थोडी असली तर साफ होते. ओरखडा असेल तर नमस्कार करून निघा.

मेलेले पिक्सेल: लेन्सला झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो. काळ्या फोटोत एक-दोन रंगीत ठिपके चालतात. दिवाळी दिसली तर नको.

लेन्समधली बुरशी: लेन्स काढा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारा, पुढून बघा. धागे, जाळी, धुरकट डाग दिसले की परत ठेवा. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये मला माझीच जुनी बुरशी भेटली. विकणारा म्हणाला, फोटोत येत नाही. आज येत नाही, हे खरं. पण ती वाढते.

कागद: मूळ बिल आणि बॉडीखालचा सीरियल नंबर जुळतो का बघा. बिल नसेल, भाव अविश्वसनीय असेल आणि समोरच्याला घाई असेल, तर चोरीचा माल असण्याची शक्यता धरा. नवीन घेणाऱ्यांनीही बघायचंय: डब्यावर आयातदाराचं नाव, एमआरपीचं लेबल आणि भारतातली वॉरंटी. बाहेरून आणलेला तुकडा स्वस्त पडतो, पण सर्व्हिस सेंटरला वॉरंटी मागायला गेलात तर हात हलवत परत याल.

तिसरा कॅमेरा पास झाला. शटर काउंट ३१ हजार. भाव ठरला २८ हजार.

उरलेले बावीस हजार

इथेच बहुतेक जण चुकतात. मीही चुकलो होतो. बॉडी घेतली की खरेदी संपली असं वाटतं. आमचा हिशोब असा लागला:

३५ मिमी एफ १.८ लेन्स, जुनी: ८,५००
ट्रायपॉड: ४,५००
मॅन्युअल फ्लॅश, जुना: ४,५००
दोन मेमरी कार्ड: १,८००
जास्तीची बॅटरी, ब्लोअर, हवाबंद डबा, सिलिका जेल: १,७००
हातात शिल्लक: १,०००

हे आमचे भाव, आमच्या घासाघिशीचे. तुमचे वेगळे येतील. पण विभागणी साधारण अशीच ठेवा: निम्म्याहून थोडं जास्त बॉडीला, बाकी सगळं इतर सामानाला.

किट लेन्स घेतलीच नाही. बहीण कुरकुरली, "झूमच नाही?" नाही. या बॉडीवर ३५ मिलिमीटर म्हणजे साधारण ५२ च्या नजरेची लेन्स, डोळ्याला सहज वाटणारी. जवळचं हवं तर दोन पावलं पुढे जायचं. होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या. त्यांच्या हातात असायच्या कॅमेऱ्यांपैकी एक रोलीफ्लेक्स. त्याची लेन्स बदलता येत नाही, झूम नाही, आणि एका रोलमध्ये फोटो फक्त बारा. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी अशा यंत्रांनी टिपली.

ट्रायपॉड स्वस्तातला हजार रुपयांचा घेऊ नका. वाऱ्यात तोच हलतो, मग घेतला कशाला? कॅमेरा आणि लेन्सच्या वजनाच्या किमान दुप्पट भार पेलणारा हवा. मधल्या दांड्याला बॅग अडकवली की आणखी घट्ट बसतो.

फ्लॅशसाठी सॉफ्टबॉक्स, छत्री वगैरे लगेच नको. फ्लॅशचं तोंड पांढऱ्या छताकडे किंवा भिंतीकडे वळवा, उजेड मऊ होऊन परत येतो. आणि डेकोरेशनवाल्याकडून थर्माकोलची एक पांढरी शीट आणा. चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला धरली की झाला रिफ्लेक्टर. मावशीने ही शीट तासभर धरून ठेवली होती, त्याचं पुढे सांगतो.

कार्ड एक मोठं घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घ्या. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल ३० एमबी धरली तरी एका कार्डात दोन हजार फोटो मावतात. कार्डवर व्ही३० लिहिलेलं असेल तर सेकंदाला किमान ३० एमबीचा वेग ते टिकवून धरतं. आणि नकली कार्डं फार आहेत. घरी आणल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. वर ६४ लिहिलंय आणि आत आठच आहे, असं कळायची वेळ परीक्षेच्या दिवशी यायला नको.

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही मोफत आहेत, मुक्त आहेत, आणि रॉ फाइलवर पूर्ण काम करतात. बहीण माझ्या जुन्या लॅपटॉपवर डार्कटेबल चालवते. हळू चालतं, पण चालतं.

टेलिफोटो? ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला आपल्या उशाशीच आहेत, मोह होणारच. वर्षातून दोनदा जायचं असेल तर लेन्स भाड्याने घ्या.

ऊन, धूळ, पावसाळा

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. फोटो काढू नका असं नाही, पण बंद गाडीत किंवा डिक्कीत कॅमेरा ठेवू नका. सावलीत, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा.

एमआयडीसीच्या रस्त्यावर ट्रक गेला की धूळ कशी उडते हे माहीतच आहे. तिथे लेन्स बदलू नका. बदलायचीच तर वाऱ्याकडे पाठ करा, बॉडीचं तोंड खाली धरा. धूळ तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. रबरी ब्लोअर वापरा.

आणि पावसाळा. बुरशीला ओल आणि अंधार आवडतो, म्हणजे कपाटातली बॅग तिला सासरपेक्षा माहेर. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिक डबा घ्या, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की जेल गरम करून वाळवा, परत वापरा. आत छोटा आर्द्रतामापक ठेवला तर उत्तम, ४० ते ५० टक्के बरोबर. तांदूळ नको, त्याची भुकटी आत जाते. आणि सगळ्यात मोठं औषध: आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. माझ्या कॅमेऱ्याला बुरशीने मारलं असं मी सांगत फिरतो. खरं तर मी तो वापरला नाही, तिथेच तो मेला.

पुढे काय झालं

बहिणीने कॅमेरा हातात घेतल्यावर पहिला महिना थोडी नाराजच होती. वर्गातल्या दोघांकडे नवे चकचकीत मिररलेस. हिचा काळा ठोकळा. मी तिला सुधारक ओलवे यांचं काम दाखवलं. ते मूळ अकोल्याचे, आपल्या विदर्भाचे. मुंबईच्या सफाई कामगारांचं आयुष्य त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना कुठला कॅमेरा होता हे विचारायचं सुचत नाही. त्या माणसांच्या इतक्या जवळ हा कसा पोचला, हे विचारावंसं वाटतं.

पहिली असाइनमेंट खिडकीच्या उजेडातलं पोर्ट्रेट. तिने काकांना बसवलं. नाइट शिफ्ट करून सकाळी घरी आलेले, अंगात कंपनीचा गणवेश, हातात चहाचा कप. एफ २, शटर १/१२५, आयएसओ ४००. मावशी थर्माकोल धरून उभी. काका वैतागले, "झोपू दे ना वं." तोच फोटो निघाला. अर्धा चेहरा उजेडात, डोळे मिटत आलेले.

सरांनी 'कंपोझिशन बरं, उजवीकडे जागा जास्त सोडलीय' असं लिहून दहापैकी सात दिले. मावशीने तो फोटो प्रिंट करून मागितला. शिल्लक हजारातून साठ रुपये त्याला गेले. बचत गटाच्या वहीत सध्या पाच हप्ते भरल्याची नोंद आहे, आणि पुढच्या महिन्यात गटातल्या एका काकूंकडच्या बारशाचे फोटो बहीण काढणार आहे, पैसे घेऊन. किती घ्यायचे यावर घरात वाद चालू आहे.

तुम्हाला या आठवड्याचं काम: कॅमेरा घ्यायच्या आधी मोबाइलने, झूम न वापरता, एकाच माणसाचे एकाच खिडकीपाशी ३६ फोटो काढा. सकाळी बारा, दुपारी बारा, संध्याकाळी बारा. सगळे शेजारी ठेवून बघा. छत्तिसाव्या फोटोपर्यंत कंटाळा आला नाही, तर घरी पैशाचा विषय काढा.

पुढच्या भागात रॉ फाइल म्हणजे नेमकं काय, आणि डार्कटेबलमध्ये पहिला फोटो कसा उघडायचा ते बघू. तोवर भेटत राहू. आणि हो, सिलिका जेलचा रंग बघून या एकदा.